पाच किलोत पस्तीस ग्रॅम

नाहूम अष्टमकर ज्या दुकानात काटा दुरुस्त करायला जातात, तिथून निघताना एक सूचना हमखास देतात. वजन काळं पडलं तर पडू द्यावं. कोरड्या फडक्यानं पुसावं. चिंच, राख, लिंबू यांतलं काही लावू नये. घासलेलं वजन चकाकतं आणि हलकं होतं. गेल्या वर्षी ही सूचना त्यांच्याच घरात पाळली गेली नाही, आणि त्यापायी काशीदच्या मासळीबाजारात एका बाईला महिनाभर नको ते टोपणनाव सोसावं लागलं.

अष्टमकर त्रेसष्ट वर्षांचे आहेत. काशीदच्या दक्षिणेला, नांदगावात राहतात. वजनकाटे दुरुस्त करण्याचा परवाना त्यांच्याकडे चौतीस वर्षं आहे. चौल-रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतचे मासळीबाजार, भाताच्या गिरण्या, बेकऱ्या, किराणा दुकानं आणि सुपारीचे व्यापारी ही त्यांची गिऱ्हाइकं. समुद्राची हवा काट्याला सोसत नाही. आतल्या तारा गंजतात, आकडे भरकटतात. अष्टमकर स्कूटरवरून येतात, काटा उघडतात, साफ करतात आणि आपल्या पेटीतली पितळी वजनं ठेवून पुन्हा जुळवून देतात. ती पेटी खरी, तर किनाऱ्यावरचे काटे खरे.

ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. वडील हनोखजींच्या तरुणपणी शेर जाऊन किलो आला, जुनी वजनं मोडीत निघाली, आणि नव्या वजनांची माहिती असलेला माणूस सगळ्यांना हवा झाला. हनोखजींनी घाणा सोडून काटे धरले. शनिवार मात्र सोडला नाही.

शनिवारी वाचायचा तोरातला, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातला, भाग आठवड्यागणिक ठरलेला असतो. हनोखजी तो मराठीत अर्थ लावून घरात वाचत आणि मुलाला एकच काम देत: यातून सोमवारी उपयोगी पडेल असं एक काढ. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर कुणी पडलं तर रक्त तुझ्या माथी, असं एका ठिकाणी म्हटलं आहे. अष्टमकरांना गच्ची नाही. पण मोठा काटा बसवायला जमिनीत खड्डा घेतला असेल, तर त्यावर फळी टाकल्याशिवाय ते चहालाही उठत नाहीत. बैल आणि गाढव एका जोखडाला जुंपू नये, असंही आहे. त्यामुळे शंभर किलोचा काटा उचलायला ते एक उंच आणि एक बुटका हमाल कधी लावत नाहीत. सगळा भार बुटक्याच्या पाठीवर येतो. याच भागाच्या शेवटाकडे वजनांची आज्ञा आहे. तुझ्या पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं नसावीत. पूर्ण आणि खरं वजन असावं.

तो भाग वाचून झाला, की दुसऱ्या दिवशी, रविवारी, हनोखजी पेटीतली सगळी वजनं एकमेकांशी ताडून बघत. अष्टमकरही बघतात. वर्षातून हा एक दिवस.

आता गेल्या ऑगस्टकडे. मासेमारीची बंदी उठली तेव्हा पहिल्याच सोमवारी त्यांनी काशीदच्या बाजारातले सहा काटे जुळवून दिले. त्यातला एक केसरचा. केसर कोळीण आहे, वय पन्नाशीच्या पुढे, शेडमधली पहिली फळी तिची. श्रावण संपल्यानंतरच्या रविवारी बाजार भरलेला असताना विनिता तिच्यासमोर येऊन उभी राहिली. विनिता आणि तिचा नवरा कमलेश यांचं गावात चार खोल्यांचं होमस्टे आहे. मासे विनिता स्वतः आणते, घरी पुन्हा वजन करते आणि मग पाहुण्यांसाठी तुकड्या पाडते. तीन वेळा पाच किलोची खरेदी घरी कमी भरली होती. त्या दिवशी तिनं घरचा काटाच पिशवीतून आणला.

केसरनं आवाज चढवला नाही. तिला तशी गरज पडत नाही. "माजा काटा सीलचा हाय, बाय. तुजा तो किचनमदला खेल हाय. सांग, खरा कोनता?"

कुणीतरी अष्टमकरांना फोन केला. ते जवळच्या गिरणीत होते, दहा मिनिटांत आले. त्यांनी पाच किलोचं वजन केसरच्या काट्यावर ठेवलं. बरोबर पाच किलो. तेच विनिताच्या काट्यावर ठेवलं. चार किलो नऊशे पासष्ट ग्रॅम.

"ताई, तुमचा काटा पस्तीस ग्रॅम कमी दाखवतोय," ते म्हणाले. "बाजाराचा बरोबर आहे."

इथे काम संपलं होतं. पण वीस-पंचवीस माणसं ऐकत होती, आणि अष्टमकरांनी एक वाक्य जास्तीचं टाकलं. "बाजाराला चोर म्हणण्याआधी माणसानं आपल्या घरातलं तपासावं."

शेडमध्ये हशा झाला. विनितानं काटा पिशवीत घातला आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून ती बाजारात शिरली, की एका फळीवरून दुसऱ्या फळीवर निरोप जाई: पस्तीस ग्रॅम आली. चौथ्या खेपेनंतर ती यायची थांबली. मासे आणायला ती मुरुडला जाऊ लागली, जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर. मुरुडची कोलंबी काशीदहून ताजी नव्हती, आणि पाहुण्यांच्या न्याहारीची वेळ चुकायची.

वजनांचा भाग गेल्या वर्षी सहा सप्टेंबरच्या शनिवारी आला. बाहेर अनंत चतुर्दशीचे ढोल चालू होते. सात तारखेला सकाळी अष्टमकरांनी ओटीवर वडिलांचा दांडीचा तराजू टांगला. लहान वजनं ठीक निघाली. शेवटी एका पारड्यात पाच किलोचं आणि दुसऱ्यात दोन, दोन आणि एक अशी तीन वजनं ठेवली. तीन वजनांचं पारडं खाली गेलं.

त्यांनी पारडी बदलून पाहिली. पुन्हा तीच वजनं खाली. मग पाच किलोच्या बाजूला एक-एक ग्रॅम चढवत गेले. दांडी सरळ झाली तेव्हा पारड्यात जास्तीचे पस्तीस ग्रॅम होते.

आकडा ओळखीचा होता. त्यांनी आत हाक मारली. पाच किलोचं वजन कुणी उघडलं होतं का, असं विचारलं.

त्यांची पत्नी सिपोराबाई हात पुसत बाहेर आल्या. "मी उघडलं होतं. पेसाहच्या आधी."

पेसाह हा बिनखमिराच्या भाकरीचा सण, एप्रिलमधला. त्या आठ दिवसांत घरात खमिराचा, म्हणजे फुगू शकणाऱ्या पिठाचा कणही राहता कामा नये. आधीचे पंधरा दिवस सिपोराबाई डबे, फळ्या, खिशांच्या शिवणी, सगळं झाडून काढतात. वजनांची पेटी वर्षभर बेकऱ्यांत आणि गिरण्यांत फिरते. पाच किलोच्या वजनाच्या मुठीखाली, आट्यांत, त्यांना पांढरं पीठ दिसलं. मूठ फिरवली तर ती निघाली. आतल्या पोकळीत मोहरीएवढे काळे दाणे होते.

"मला वाटलं, पीठ गोळा होऊन त्यात काही धरलंय," त्या म्हणाल्या. "परसात झटकलं, चिंचेनं घासलं आणि मूठ परत बसवली. पेटीत ठेवलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, आज पेटी छान दिसते."

ते दाणे शिशाचे होते. वजन नेमकं पाच किलो भरावं म्हणून कारखान्यात ते पोकळीत घालतात. मुठीच्या जोडावर सरकारी शिक्क्याचं शिसं असतं, ते शाबूत असलं तर मूठ हलतच नाही. या वजनाचं ते शिसं झिजून सैल झालं होतं.

सिपोराबाई खाली बसल्या. एकाच पुस्तकातली एक आज्ञा पाळताना दुसरी मोडली, एवढंच त्या म्हणाल्या. अष्टमकरांनी त्यांना सांगितलं, की चूक त्यांची नाही. जोडाचं शिसं रोज बघणं हे त्यांचं काम होतं. महिन्याला वजनं ताडणं हेही त्यांचंच. वडिलांचा रविवार आहे म्हणून बाकीच्या अकरा महिन्यांत ते निर्धास्त राहिले. आणि वजन अचानक चकाकलं तेव्हा त्यांनी त्याचं कौतुक केलं.

खोटं वजन वापरू नये एवढ्यावर धर्मशास्त्र थांबत नाही. ते घरात ठेवणंही मना आहे. अष्टमकरांनी वजनावर लाल रंगाची फुली मारली आणि ते स्कूटरच्या डिकीत ठेवलं.

"स्कूटर काय शेजाऱ्याची आहे?" सिपोराबाईंनी विचारलं.

मग ते वजन शेजारच्या गणराजच्या गॅरेजमध्ये गेलं. गणराजनं ते दोन हातांनी धरून दूरच्या फळीवर ठेवलं, आणि याला रात्री काही खायला घालायचं असतं का, ते विचारून घेतलं.

सोमवारी अष्टमकर अलिबागला जाऊन पाच किलोचं नवीन, शिक्का मारलेलं वजन घेऊन आले. एप्रिलपासूनच्या कामांची वही त्यांनी उघडली. खोटं वजन अडतीस काट्यांना लागलं होतं. किलोमागे सात ग्रॅमचा फरक. पुढचे दोन आठवडे ते फक्त त्या अडतीस काट्यांमागे फिरले. प्रत्येक ठिकाणी आधी काय झालं ते सांगायचं, मग काटा जुळवायचा.

एका गिरणीवाल्यानं विचारलं, की म्हणजे त्याचा तांदूळ लोकांना कमी गेला की जास्त? कमी, असं कळल्यावर तो म्हणाला, "मग एवढं ओरडून कशाला सांगताय, काका?" चौलचे सुपारीचे व्यापारी चांगदेव यांचं उलट झालं. ते वाडीवाल्यांकडून सुपारी विकत घेतात, त्यामुळे काटा जास्त दाखवत होता तेवढी सुपारी त्यांना कमी मिळाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, काटा जुळवून घेतला आणि दुसरा माणूस बघतो म्हणून सांगितलं. तसं सांगणारे एकूण नऊ निघाले.

एक काटा अंगणवाडीतला होता, बाळांची वजनं घेण्याचा. तिथल्या सेविका सुचिता यांनी वही काढली. दोन बाळांची वजनं अगदी काठावरची होती, तीस ग्रॅमनं अलीकडे-पलीकडे होण्यासारखी. दोन्ही आया बोलावल्या गेल्या. दोन्ही बाळं तेवढ्यात अंगानं भरली होती. अष्टमकर तोवर बाहेर पायरीवर बसून होते.

केसरचा काटा त्यांनी पहिल्याच दिवशी, बाजार उघडण्याआधी जुळवला. तिला कारण सांगितलं. ती फक्त "बरा" म्हणाली.

बावीस सप्टेंबरला अडतिसावा काटा झाला. त्या दिवशी घटस्थापना होती, आणि संध्याकाळी बेने इस्रायलींचं नवं वर्ष लागलं, नव्याचा सण. त्यानंतर दहाव्या दिवशी दारफळणीचा सण येतो. आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे, कडक उपास, दिवसभर प्रार्थना. त्या दिवशी माणसाचे देवाकडचे अपराध धुतले जातात. माणसाकडचे धुतले जात नाहीत. ते ज्याचे त्याच्याकडे जाऊन, दार लागायच्या आत, मिटवावे लागतात. एकदा नाही म्हटलं तर पुन्हा जायचं, तीनदा जायचं. चारचौघांत कुणाला लाजवणं हे तर जुन्या आचार्यांनी रक्त सांडण्याच्या पंगतीला बसवलं आहे. लाजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं, हे त्या आचार्यांनी पाहिलं होतं. अष्टमकरांना काटे जुळवायला पंधरा दिवस लागले. विनितासाठी त्यांच्या हातात नऊ होते.

पंचवीस तारखेला ते तिच्या घरी गेले. ती अंगणात चादरी वाळत घालत होती. त्यांनी सगळं सांगितलं: तिचा काटा बरोबर होता, वजन खोटं होतं, ते जास्तीचं वाक्य बोलण्याचा त्यांना काही अधिकार नव्हता. ती चादरी घालत राहिली.

"इथे कशाला सांगताय?" ती म्हणाली. "इथे मला कुणी पस्तीस ग्रॅम म्हणालं नव्हतं. जिथे बोललात तिथे बोला."

ते रास्त होतं. दुसऱ्या दिवशी ते केसरकडे गेले आणि बाजारात उभं राहून सांगायचा विचार आहे म्हणाले. केसरनं सुरी खाली ठेवली.

"म्हंजे मी चोर," ती म्हणाली. "तू बोलनार वजन खोटा व्हता, लोक ऐकनार केसरचा काटा खोटा व्हता. पुढं दिवाली हाय, मुंबईचा गिऱ्हाईक येनार. तिची अब्रू भरायला माजी काढतोस व्हय?"

हेही खरं होतं. शनिवारी अष्टमकर वाचायला बसले, पण सोमवारी उपयोगी पडेल असं काही त्या भागात त्यांना सापडलं नाही. रविवारी ते गणराजला बरोबर घेऊन दुसऱ्यांदा विनिताकडे गेले. दुसऱ्या वेळी साक्षीदार न्यावा, अशी रीत आहे. केसरची अडचण त्यांनी तिला सांगितली. आपलं म्हणणं तेच आहे, केसरचं काय करायचं ते त्यांनी बघावं, असं विनिता म्हणाली. गणराजला चहा मिळाला. अष्टमकरांना तिनं विचारलं नाही.

तीस तारखेला, मंगळवारी, ते पुन्हा केसरकडे गेले. परवानगी मागायला नव्हे. उद्या काय बोलणार ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, तेवढं तिला वाचून दाखवायचं होतं. चार ओळी होत्या. सुरुवात विनितापासून होती, केसर तिसऱ्या ओळीत होती.

केसरनं ऐकलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "माजा नाव आधी घे. लोक अर्धा ऐकतान नि जातान. तिसऱ्या ओलीपर्यंत कोन थांबतंय?" शिवाय तिनं आणखी एक सुचवलं. नुसतं बोलू नये, तराजू आणावा. कागदावर कुणाचा विश्वास बसत नाही, पारडं सगळ्यांना दिसतं.

एक ऑक्टोबरला, बुधवारी, खंडेनवमी होती. बाजारातल्या बायांनी कोयते आणि काटे धुऊन झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नवरात्रामुळे गिऱ्हाईक कमी होतं, पण शेडमधली प्रत्येक बाई हजर होती. विनिता कमलेशबरोबर येऊन खांबाजवळ उभी राहिली. अष्टमकरांनी छताच्या आकड्याला दांडीचा तराजू टांगला. एका पारड्यात लाल फुलीचं वजन, दुसऱ्यात तीन वजनं. तीन वजनांचं पारडं खाली गेलं आणि तसंच राहिलं.

"केसरबाईंच्या काट्यात खोट नव्हती," ते म्हणाले. "खोटं होतं हे माझं वजन. मी पाच महिने तपासलं नाही. विनिताताई खरं सांगत होत्या, मी त्यांना इथे खोटं पाडलं. वर जे बोललो ते मलाच लागू होतं. मी त्यांची माफी मागतो, आणि तुम्ही ज्या नावानं त्यांना हाक मारता, ते माझं आहे."

कुणी हसलं नाही. मागच्या फळीवरच्या मनुबाईंनी विचारलं, की त्यांचा काटाही केसरच्या काट्याबरोबरच पुन्हा जुळवला होता ना? हो, म्हणून अष्टमकरांनी सांगितलं. मग एकेक करून चार बायांनी आपापला काटा नव्या वजनानं पुन्हा बघून घेतला. याला अर्धा तास गेला. चारही बरोबर निघाले.

विनिता तोवर थांबली होती. "ऐकलं," ती म्हणाली. "माझं नाव तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात. त्या महिनाभरात इथून किती जण मासे घेऊन गेले? पुण्याचे, ठाण्याचे. त्यांची नावं आहेत?"

नव्हती. अष्टमकर म्हणाले, की याच कारणासाठी खोट्या वजनाचा अपराध सगळ्यांत अवघड मानला आहे. कुणाकुणाची माफी मागायची हेच कळत नाही. ज्याला माणसं सापडत नाहीत त्यानं सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी करावं, पाण्याची सोय करावी, असं आचार्य सांगतात.

"पाणी आहे इथे," विनिता म्हणाली. "काटा ठेवा. कुणाचाच नाही असा. घेतलेलं कुणालाही परत तोलता येईल असा."

केसर फळीवरून म्हणाली, की ठेवायचा तर माज्या फळीपासून लांब ठेव. मग तिचं तिलाच काहीतरी खटकलं असावं. "न्हाय तर जवलच ठेव," ती म्हणाली. "लांब ठेवलास तर लोक बोलतान, केसर घाबरली."

सूर्यास्ताआधी अष्टमकरांच्या घराचं दार लागलं. विनितानं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. गुरुवारी सगळीकडे दसरा होता. अष्टमकर पती-पत्नी दिवसभर उपाशी, पांढऱ्या कपड्यांत, बंद दाराआड होते. माफ न झालेला एक अपराध बरोबर घेऊन आपण प्रार्थनेला बसलो होतो, असं अष्टमकर सांगतात. आवाजात काही फरक न करता सांगतात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो. दारं उघडतात, एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा. शुक्रवारी सकाळी अष्टमकर स्कूटरच्या पुढे तीस किलोचा काटा बांधून बाजारात आले. गणराजनं शेडच्या तोंडाशी, केसरच्या फळीपासून चार हातांवर, सिमेंटचा ओटा घालून ठेवला होता. त्यावर काटा बसवला, साखळीनं बांधला. बाजूला खुंटीला साखळी लावून एक किलोचं शिक्क्याचं वजन अडकवलं, म्हणजे काट्यावर संशय आला तर तोही कुणाला तपासता यावा.

बाया लांबून बघत होत्या. शहाणपणा करणारं गिऱ्हाईक आता दहा ग्रॅमसाठी भांडेल, असं दोघी-तिघींचं मत होतं. मनुबाईंचं वेगळं होतं. भांडणारा आपसूक तिकडे जाऊन तोलेल, आपला वेळ वाचेल.

नऊच्या सुमाराला विनिता आली. सहा आठवड्यांनंतर तिनं केसरच्या फळीवरून मासे घेतले, दोन किलो बांगडे. पिशवी घेऊन ती वळली, तशी पलीकडची एक तरुण कोळीण "पस्तीस" एवढं म्हणाली. केसरनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. पुढचं कुणी ऐकलं नाही.

"तोल ना," केसर विनिताला म्हणाली. "तुज्यासाठीच बसवलाय."

"बाकीच्यांसाठी आहे तो. मला नको."

"तुला नको, मना हवा. तोल."

विनितानं पिशवी नव्या काट्यावर ठेवली. दोन किलो चार ग्रॅम. केसरनं आकडा लांबूनच वाचला. "चार ग्रॅम जास्ती गेला. शेपूट काप आनि दे परत."

बाजार हसला, विनिताही. केसर हसली नाही. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचा पापलेट तोलायला घेतला.

अष्टमकर ओट्यापाशी पाने-पक्कड आवरत होते. विनिता त्यांच्याजवळ येऊन थांबली. "काका, तुमच्यात तीनदा यायची रीत आहे, असं गणराज म्हणाला. तिसऱ्यांदा येऊ नका. माझ्याकडून मिटलं."

"तिथे बोललात तरी चालेल," अष्टमकर शेडकडे बोट दाखवून म्हणाले. "माझी हरकत नाही."

"नको. तुम्ही मला चारचौघांत बोललात म्हणून तुम्हाला तिथे बोलावं लागलं," ती म्हणाली. "मी तसं काही केलेलं नाही." कमलेशनं गाडी सुरू केली होती. बांगडे घेऊन ती गेली.

काम सोडलेल्या नऊ जणांपैकी तिघं नंतर परत आले. चांगदेव आलेले नाहीत. अष्टमकर आता दर रविवारी वजनं ताडतात, आणि तराजूच्या दुसऱ्या बाजूला सिपोराबाई चष्मा लावून बसतात. प्रत्येक वजनाच्या मुठीचं शिसं त्या बोटानं चाचपून बघतात. त्या शुक्रवारी मात्र अजून बोर्लीला दोन काटे बघायचे होते, आणि सूर्यास्ताला शनिवार लागायच्या आत घरी पोचायचं होतं. अष्टमकरांनी पेटी स्कूटरला बांधली आणि ते निघाले. मागे नव्या काट्यापाशी पुण्याचं एक जोडपं पिशवी ठेवून आकडा वाचत उभं होतं.